सशाचं साल

"न्यूझीलंडला असतो," असं शू युनफन बोलून गेली, आणि बोलून झाल्यावर ते तिचं तिलाच ऐकू आलं. शेजारच्या लिएनबाईंनी विचारलं होतं त्यात वावगं काही नव्हतं. सहलीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या दोन म्हाताऱ्या बायकांनी एकमेकींना मुलं किती नि कुठे असतात याखेरीज दुसरं विचारायचं तरी काय? आणि खरं उत्तरही काही लांबलचक नव्हतं. एकच मुलगा होता, तो अकरा वर्षांपूर्वी गेला. शेनझेनमधल्या भाड्याच्या खोलीत अंघोळीला म्हणून आत गेला, गॅसच्या गिझरचा धूर कोंडला, आणि तो बाहेर आलाच नाही. एवढं सांगितलं की समोरच्या बाईचा चेहरा उतरतो, आवाज खाली येतो, ती पिशवीतलं एखादं संत्रं काढून आपल्या हातात कोंबते आणि उरलेला दिवस तिला आपल्याशी बोलायला काही सुचत नाही. युनफनने अशी पुष्कळ संत्री खाल्ली होती. जुन्या वसाहतीत जिन्यावर तिचं पाऊल वाजलं की बायकांच्या गप्पा आटायच्या. कुणाला नातू झाला तर पेढ्याऐवजीची लाल अंडी सगळ्या मजल्यांवर जायची, तिचं दार तेवढं वगळून. चांगुलपणानेच वगळायचे, पण वगळायचेच. म्हणून तर दोघांनी ते घर विकलं आणि बीजिंगच्या पार पूर्वेच्या टोकाला, आपल्याला कुत्रंही ओळखणार नाही अशा इमारतीत बिऱ्हाड नेलं. त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. नव्या वस्तीच्या समितीने ज्येष्ठांच्या सणाला राजवाड्याची आणि देवळाची एक दिवसाची सहल काढली, नाही म्हणायला कारण नव्हतं, म्हणून दोघं बसमध्ये बसली. बस पुलाखाली अडकली. खिडकीतून दुधाच्या पावडरीची भलीमोठी जाहिरात दिसत होती, हिरवेगार डोंगर, जाड गाई आणि खाली त्या देशाचं नाव. जीभ घसरायला तेवढं पुरलं.

पलीकडच्या खिडकीशी तिचा नवरा, लाओ ज्वांग, थर्मासचं झाकण फिरवत बसला होता. त्याने ऐकलं असणारच. शाळा-इस्पितळांतले हीटिंगचे पाइप तपासण्यात त्याचा जन्म गेलेला; नुसत्या आवाजावरून कुठे हवा अडकली आहे ते सांगायचा. मुलाचं घरातलं नाव वाटाणा, कारण जन्मला तेव्हा तसाच गोल नि हिरवट दिसत होता. अकरा वर्षांत लाओ ज्वांगने ते नाव तोंडातून काढलेलं नव्हतं. भाजीवाल्याकडे वाटाणे घ्यायचे झाले तरी तो बोट दाखवायचा. आता हा माणूस मध्येच "कसलं न्यूझीलंड," म्हणाला की संपलं. युनफन त्याच्या थर्मासकडे बघत राहिली. त्याने एक घोट घेतला, झाकण लावलं आणि बाहेरच्या गाईंकडे तोंड वळवलं. म्हणजे तूर्त मुलगा वाचला. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत तरी त्याला कुणी पुन्हा मारू नये, एवढंच तिचं मागणं होतं, आणि कुणाकडे मागावं ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. तीस वर्षं प्राथमिक शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला मागायला तशी जागा उरत नाही.

"तिकडे गारठा फार पडत असेल नाही?" लिएनबाईंनी विचारलं.

"आता तिकडे वसंत. ऋतू उलटे असतात," युनफन म्हणाली. निदान हे तरी खरं होतं.

"बघा. शिकलेल्या आईचं बोलणंच वेगळं. मला आपलं एवढंच कळतं, लांब म्हणजे लांब." लिएनबाई हसल्या. गोलसर चेहऱ्याची, केस ताजे काळे केलेली, पिशवीत सगळ्यांना पुरेल एवढा खाऊ आणणारी बाई. समोरच्याच इमारतीत राहणारी. म्हणजे हे न्यूझीलंड आजच्यापुरतं नव्हतं, रोज जिन्याखाली भेटणार होतं, हे युनफनच्या लक्षात आलं तेव्हा बस राजवाड्याच्या दक्षिण दरवाजाशी पोचली होती.

पिवळं निशाण उंच धरून फू नावाची वाटाडी मुलगी पुढे निघाली आणि तिच्या मागे मेंढरांसारखी सगळी पिवळ्या टोप्यांवाली म्हातारी मंडळी. बीजिंगच्या माणसाला आपला राजवाडा बघायला सवड कधी नसते. गावाकडचे पाहुणे आले की त्यांना दरवाजापर्यंत सोडायचं नि बाहेर ऊन खात बसायचं. युनफन आत आली होती ती एकदाच, वाटाणा सात वर्षांचा असताना. तेव्हाही हे असंच होतं, एवढालं मोकळं अंगण, वर नुसतं आभाळ, आणि पायाखाली इतकी माणसं चालून खड्डे पडलेल्या फरश्या. फू कर्ण्यातून सांगत होती की पुढच्या अंगणांत मुद्दाम एकही झाड लावलेलं नाही, झाडामागे मारेकरी लपेल म्हणून. पण वाटाणा लपला होता. घटकाभर सापडेना, लाओ ज्वांग एका बाजूने हाका मारत धावतोय, ती दुसऱ्या बाजूने, लोक थांबून बघतायत. शेवटी तो मिळाला पाणी साठवायच्या त्या अगडबंब तांब्याच्या घंगाळामागे, गुडघ्यांत डोकं घालून. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो रडला नाही. म्हणाला, मी हरवलो नव्हतो काही, तुम्हीच उशीर केलात. या बोलण्यावर दोघं घरी जाईपर्यंत हसत होती. आता तेच घंगाळ समोर आलं तेव्हा तिने त्याच्यामागे वाकून पाहिलं. मागे पाण्याची रिकामी बाटली पडलेली होती.

"कोणत्या सालाचा तुमचा मुलगा?" पायऱ्या चढता चढता लिएनबाईंनी विचारलं. वय विचारायची आपली हीच रीत, बारा वर्षांच्या फेऱ्यात प्रत्येक सालाला एकेक जनावर. आणि युनफनने रीतीप्रमाणे उत्तर दिलं, "सशाच्या." मेलेल्या माणसाचं साल विचारलं तर आपण सावध होतो; जिवंताचं विचारलं की जीभ आपोआप चालते. लिएनबाईंनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. मागच्या वर्षीचा ससा, मग बारा, मग पुन्हा बारा, मग आणखी बारा. "सदतीस," त्या म्हणाल्या. "अगदी ऐन वय."

सदतीस. युनफन कठड्याला धरून उभी राहिली. हे गणित तिने कधी केलंच नव्हतं. तिच्याकडे तो सव्वीसचा होता आणि सव्वीसचाच राहणार होता. ते एक तिच्या हातात होतं, बाकी सगळं गेलं तरी. आणि इथे एका परक्या बाईने पेरांवर मोजून त्याला सदतीसचा करून टाकला. तो लगेच डोळ्यांपुढे उभासुद्धा राहिला. कपाळ वर सरकलेलं. ज्वांगांच्या घराण्यात तिशीतच केस जातात. थोडं पोट. आता कुठल्या मापाचा शर्ट लागला असता? त्याचा निळ्या चौकड्यांचा शर्ट तिने पेटीत जपून ठेवला होता, तो घर बदलताना सापडला नाही. हमालांनी नेला असेल, लाओ ज्वांग म्हणाला होता. तिने दोन दिवस हमालांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. आज वाटलं, नेला तर नेला, नाहीतरी झाला नसता आता त्याला.

"लग्न?" लिएनबाई.

"नाही झालं."

"अगं बाई." लिएनबाई जवळ सरकल्या आणि घरातलं एखादं दुखणं सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, "आमची मेंढीच्या सालाची. एकच मुलगी. बँकेत आहे, दिसायला चांगली, स्वभावाने तर अशी की विचारू नका. पण साल ऐकलं की लोक पाय मागे घेतात. मेंढीची बायको घरात आली की घर रिकामं होतं म्हणे. आणि हे कोण बोलतं? प्रोफेसर बोलतात, ताई. पण सशाला मेंढी चालते. चालते काय, सोन्यासारखी जोडी. सशाला एक कोंबडा तेवढा नको. ससा नि कोंबडा एका छपराखाली म्हणजे रोज उठून पिसंच पिसं."

लाओ ज्वांग त्यांच्या एक पायरी पुढे होता. तो तसाच झपझप वर निघून गेला. युनफनला वाटलं, आता याच्याच्याने ऐकवत नसेल. एरवी ती स्वतःसुद्धा लिएनबाईंना सोडती ना. आकाशात ससा नाही नि मेंढीही नाही, बारा ही नुसती मोजायची सोय आहे, हे तिने हजारभर पोरांकडून घोकून घेतलं होतं. आज ती म्हणाली, "असं म्हणतात खरं."

मागच्या बाजूच्या महालात बादशहाच्या लग्नाची खोली होती. काचेला नाकं लावून लोक आत बघत होते. लाल भिंती, लाल पडदे, पलंगावर शंभर खेळकर पोरांचं भरतकाम असलेली चादर. बादशहा इथे दोन-तीन रात्री काढायचा नि मग आपल्या खोलीत निघून जायचा, असं फू सांगत होती, आणि म्हातारे चावट हसत होते. युनफन काचेशी पोचली आणि त्या लाल रंगाने तिला आपलं स्वयंपाकघर आठवलं. वाटाणा गेल्याच्या पहिल्या हिवाळ्यात शान्शीहून लाओ ज्वांगचा मोठा भाऊ आला होता. चार दिवस नुसता बसून राहिला, सिगारेटी ओढत. मग म्हणाला, पोर असं एकटं ठेवू नये. बिनलग्नाच्या पोराला घराण्याच्या जमिनीत जागा नाही, ते तिकडेही एकटंच फिरत राहतं. पलीकडच्या गावात एक मुलगी वारली आहे, तिचेही आईबाप शोधतायत. दोघांचं लावून देऊ. युनफन वाटीत तांदूळ मोजत होती. ती वाटी तिने भिंतीवर फेकली. मी तीस वर्षं पोरांना भूत नसतं म्हणून शिकवलं आणि तुम्ही माझ्या पोराच्या राखेला बाशिंग बांधता, असं ती ओरडली, आणि पुष्कळ काही. लाओ ज्वांग शेगडीपाशी उभा होता. तो हळूच म्हणाला, "दादा सांगतो त्यात वाईट काय आहे? सोबत होईल." ती म्हणाली, मग तूही जा त्याच्याबरोबर. भाऊ त्याच रात्रीच्या गाडीने गेला. लाओ ज्वांग गेला नाही. जमिनीवरचा तांदूळ त्याने दाणा दाणा वेचला, आणि त्या दिवसापासून मुलाचं नाव घेणं सोडलं. ती त्याला शिक्षा समजली. कुणाची, कुणाला, ते तिने विचारलं नाही.

दुपारचं जेवण उत्तर दरवाजामागच्या एका खानावळीत होतं. काळ्या मसाल्याच्या शेवया, वर काकडीच्या काड्या. लिएनबाई या दोघांच्याच टेबलाशी येऊन बसल्या. "तुमच्या मुलाला असलं तिकडे कुठलं मिळायला, ज्वांगभाऊ," त्या म्हणाल्या. युनफन उत्तर द्यायला तोंड उघडणार तोच लाओ ज्वांग वाटीतून मान वर न करता बोलला.

"तो आधी काकडी वेचून खातो. मग शेवया. कोथिंबीर दिसली की वाटीच सरकवतो माझ्याकडे."

"लाडोबा दिसतोय."

"आईने करून ठेवलाय," लाओ ज्वांग म्हणाला.

युनफनच्या हातातल्या जेवायच्या काड्या वाटीत तशाच राहिल्या. काकडीचं ती विसरून गेली होती. खरंच, आधी काकडी. अकरा वर्षं हे या माणसाच्या पोटात होतं आणि त्याने एकदा, एकदासुद्धा तिला त्यातलं दिलं नव्हतं. पण रागाला सवडच नव्हती. तिला इतका आनंद झाला की भीती वाटली. तिघं एका टेबलाशी बसून चौथ्याबद्दल बोलत होती, जसं कुठल्याही घरात बोलतात. तो गिझर, ते पोलीस, ती विमानातून मांडीवर घेऊन आणलेली राखेची पेटी, हे सगळं दुसऱ्या कुणाचं होतं. "फोनसुद्धा करत नाही वेळेवर," ती तक्रारीने म्हणाली. "कामं असतात त्यांना," लिएनबाईंनी समजूत घातली. लाओ ज्वांगने आपल्या वाटीतल्या काकडीच्या काड्या उचलून तिच्या वाटीत टाकल्या.

स्वर्गाच्या देवळात बादशहा वर्षातून एकदा पिकासाठी मागणं मागायला यायचे. आता तिथल्या जुन्या सुरूंच्या खाली आईबाप येतात. ठरलेल्या वारी दोन-तीनशे माणसं येतात, फरसबंदीवर आपापला कागद पसरतात, त्यावर खडे ठेवतात आणि शेजारी घडीचं स्टूल टाकून बसतात. मुलगा, सशाचं साल, उंची, नोकरी, घर स्वतःचं. मुलगी, माकडाचं साल, शांत स्वभाव. मुलं स्वतः कधी येत नाहीत. लिएनबाईंची जागा ठरलेली असावी. सहलीच्या निमित्तानेही त्यांनी कागद बरोबर आणलाच होता. त्यांनी तो एका झाडाखाली पसरला, तो कडांना मऊ पडलेला होता, आणि सवयीने चार खडे शोधले. एक म्हातारा वाकून वाचू लागला, सालाच्या ओळीवर आला आणि ताठ होऊन पुढे गेला. "बघितलंत?" लिएनबाई म्हणाल्या. त्यांचं हसू पहिल्यांदाच विरलं. "चार वर्षं येतेय. साल खोटं लिही म्हणतात लोक. पण लग्नानंतर कळलं तर तिला कोण सांभाळील?" मग त्या एकदम वळल्या. "ताई, फोटो तरी दाखवा मुलाचा."

युनफनने फोन काढला. फोटो एकच होता, घरी भिंतीवर काळ्या चौकटीत आहे तोच. निळ्या चौकड्यांचा शर्ट, उन्हाने बारीक झालेले डोळे, काही तरी बोलता बोलता काढलेला. लिएनबाईंनी फोन दोन्ही हातांत धरला, सावलीत नेला, बोटांनी चेहरा मोठा केला. "किती कोवळा दिसतो हो वयाच्या मानाने. शर्टही शोभतो." आणि युनफनला अभिमान वाटला, निव्वळ अभिमान, आपल्या देखण्या पोराचा. तेवढ्यात लिएनबाई खाली बसल्या. त्यांनी खडे एकेक करून बाजूला केले, कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवून दिली.

"आज आता हे कशाला मांडू," त्या म्हणाल्या.

"लिएनताई, तो परत नाही यायचा इकडे," युनफन कशीबशी म्हणाली.

"मग काय झालं? माझी मुलगी जाईल की तिकडे. तिचा पाय निघत नाही असं नाही. तिकिटाचं आम्ही बघू, ज्वांगभाऊ, तुमच्यावर काही नाही. तुम्ही हो म्हणा, मी तिला पाठवते त्याच्याकडे."

"नको," युनफन म्हणाली. तिचा आवाज एवढा चढला की आसपासच्या स्टुलांवरची माणसं वळली. "तिला नका पाठवू. त्याच्याकडे नका पाठवू कुणाला."

लिएनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या गोल चेहऱ्यावर हळूहळू ते आलं, चार वर्षांच्या सरावाचं. "साल ना?" त्या शांतपणे म्हणाल्या. "सकाळीच सांगायचं होतंत. शिकलेल्या बाई तुम्ही, मला वाटलं."

"साल नाही हो."

"मग काय?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्याने लिएनबाईंचा अपमान पुसला गेला असता. युनफनने तोंड उघडलं, आणि लिएनबाईंच्या खांद्यावरून तिला लाओ ज्वांग दिसला. तो तिच्याकडे असं बघत होता की हात जोडायचेच काय ते बाकी होते. दुपारी काकडी वेचून खाणारा पोर त्यालाही आता लगेच परत द्यायचा नव्हता. तिने तोंड मिटलं. लिएनबाईंनी पिशवीतून कागद काढला, पसरला, आणि पुन्हा चार खडे ठेवले.

परतीच्या बसमध्ये त्या पुढे फूच्या शेजारी जाऊन बसल्या. युनफन नवऱ्याशेजारी बसली. बाहेर अंधारून आलं होतं. उद्या जिन्याखाली ती बाई भेटेल आणि मान वळवेल. नव्या वस्तीतही गप्पा आटायला दोन महिने पुरले. पण युनफनचं मन तिथे नव्हतंच. ते त्या सुरूच्या झाडाखाली राहिलं होतं. माझी मुलगी जाईल तिकडे. दिवसभर तिने मुलाला जगवलं आणि जगवलेल्या मुलाला आता संध्याकाळी पुन्हा स्मशानातल्या त्या भिंतीत, राखेच्या कोनाड्यात ठेवून यायचं होतं, डावीकडे कुणी म्हातारा, उजवीकडे कुणी म्हातारा. सदतीस वर्षांचा. एकटा. भूत नसतं, हे तिला अजूनही माहीत होतं. पण एकटं असणं तर असतं.

"दादाला फोन कर," ती म्हणाली.

"कशाला?"

"तो म्हणत होता ते. करून टाकू म्हणावं." आणि ती घाईने पुढे म्हणाली, "मेंढीच्या सालाची कुणी असेल तर बघा म्हणावं. सशाला चालते."

त्याने थर्मासचं झाकण फिरवलं. उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आत चहा नव्हता.

"झालंय ते, युनफन."

"काय झालंय?"

"वाटाण्याचं लग्न." अकरा वर्षांनी नाव घेतलं ते त्याने असं घेतलं. "दादा येऊन गेला त्याच्या पुढच्या वसंतात. छपराचं काम आहे सांगून गावी गेलो होतो बघ, तेव्हा. त्याचा शर्ट नेला होता. निळा."

बस पुलाखाली शिरली. युनफन राग शोधत होती, पिशवीच्या तळाशी किल्ली चाचपावी तसा, आणि तो हाताला लागत नव्हता. "कोण ती?" तिने विचारलं.

"यिनझू नावाची. ताप आला होता. माणसं चांगली होती. तिची आई म्हणाली, शर्ट चुरगळलाय. मग तिनेच इस्त्री केली, आणि मग आम्ही तो यिनझूच्या शेजारी मातीत ठेवला."

"कोणत्या सालाची?"

लाओ ज्वांगने तोंड खिडकीकडे वळवलं. बाहेर त्या गाई होत्या, आता दिव्यांच्या उजेडात. "दादा म्हणाला, आपल्याला निवडायला कुठे वाव आहे," तो म्हणाला. "कोंबड्याच्या."

विज्ञानाच्या बाई हातातल्या पिवळ्या टोपीच्या कडा सरळ करत राहिल्या. पूल संपला, उजेड गेला, पुढे फूने कर्ण्यातून सगळ्यांना उतरताना सामान बघून घ्यायला सांगितलं.

"म्हणजे दहा वर्षं झाली," युनफन म्हणाली. "भांडत असतील रे दोघं."